साडू आणि सहा थंड खोल्या

खाडीपासून पारसिकच्या डोंगरापर्यंत सगळी नवी मुंबई पालथी घाला, माझ्या साडूंइतका निरुपद्रवी माणूस तुम्हाला सापडणार नाही. आणि गेली एकोणीस वर्षं माझ्या मनःशांतीचं जेवढं नुकसान या निरुपद्रवी माणसानं केलं, तेवढं माझ्या एकाही शत्रूला जमलेलं नाही. त्यांनी मला कधी टोमणा मारला नाही, कधी कमी लेखलं नाही, चारचौघांत कधी माझी चूक काढली नाही. हे सगळं त्यांनी केलं असतं तर मी त्यांच्याशी रीतसर भांडून मोकळा झालो असतो. पण ते भेटले की माझ्या पाठीवर पंजा ठेवून "काय सारू, बरा हायस ना?" म्हणतात आणि मला भांडणाची सोयच उरत नाही. सारू म्हणजे साडूच. त्यांच्या आगरी बोलीत शब्दाच्या मधे ड आला की त्याचा र होतो, गाडीची गारी होते आणि माझा सारू होतो.

ते माझ्या मेव्हणीचे, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोपरखैरण्यातल्या बोनकोडे गावाचे मूळ रहिवासी. वडिलांची भातशेती जिथे होती तिथे आता चौदा मजली इमारत आहे, आणि तिच्यासमोरून जाताना ते अजूनही "आमच्या बांधावरनं वलून घे" असं रिक्षावाल्याला सांगतात. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन म्हणून एका रंगाच्या कारखान्यात लागले. मी साताऱ्याकडचा, संगणकाची पदविका घेतलेला, वर तीन प्रमाणपत्रं, तिन्ही काचेच्या चौकटीत. लग्न ठरलं तेव्हा सासरी संगणकातलं कळणारा मी एकटाच असेन अशी माझी रास्त समजूत होती. मग त्यांच्या कारखान्यात सर्व्हर आला, त्या खोलीची किल्ली इलेक्ट्रिशियनकडे असायची, आणि किल्ली हातात असलेल्या या माणसानं दुपारच्या सुट्टीत बसून बसून ते यंत्र शिकून घेतलं. कुणीही न शिकवता! मी ज्या गोष्टींसाठी सहा महिने वाशीच्या क्लासला जात होतो, त्या गोष्टी या गृहस्थांनी भाकरी खाता खाता आत्मसात केल्या.

त्यांचं विशेष प्रेम शेल स्क्रिप्टवर. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून संगणकाकडून कामं करून घ्यायची, आणि त्याच आज्ञा एका फायलीत ओळीनं लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. हे काम लोक भराभर, कपाळाला आठ्या घालून करतात. साडू ते पोथी वाचल्यासारखं करतात. आधी शंभर पानी वहीत पेन्सिलीनं लिहितात, मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचतात, आणि यंत्राला काय वाटेल याचा अंदाज घेत मान हलवतात. माउसला हात लावत नाहीत. "तो उंदीर आपल्याला हिंडवतो," म्हणतात. आणि जिथे लोक स्क्रिप्टमध्ये इंग्रजीत टिपणं लिहितात, यंत्र ज्या ओळी वाचत नाही अशा, केवळ माणसांसाठीच्या, तिथे साडू आगरीत लिहितात. एकदा मी त्यांना म्हटलं, "अहो, उद्या दुसऱ्या कुणाला वाचायची वेळ आली तर?" ते शांतपणे म्हणाले, "मंग त्याला बोनकोड्याला पाटव."

दुसरं वेड मोजण्याचं. कुठलीही गोष्ट इथून तिथे धाडली की ती किती पोचली हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एका गणपतीत त्यांनी माझ्या हाती घरी न्यायला अकरा मोदक दिले. कोपरखैरणे ते घणसोली हे अंतर तसं फार नाही, पण मोदक गरम होते आणि सिग्नल लाल होता. घरात पाऊल टाकतो तोच बायकोचा फोन वाजला. "किती पोचले?" बायकोनं डबा उघडून मोजले आणि प्रामाणिकपणे "दहा" म्हणून सांगितलं. फोनमधून मलाही ऐकू आलं, "मंग येक वाटंतच उतरला वाटतं." बाजारातही तसंच. वाशीच्या घाऊक मार्केटात ते नऊ पिशव्या घेऊन जातात. मिरचीची वेगळी, लिंबाची वेगळी. एका पिशवीत दोन जिन्नस त्यांना खपत नाहीत. मेव्हणी कधी वैतागून एका पिशवीत दोन भाज्या कोंबते, तर ते घरी जाईपर्यंत त्या पिशवीकडे संशयानं बघत राहतात.

या माणसाचा हेवा वाटण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. तुम्हाला आमच्या सासूबाई माहीत नाहीत. त्यांचा फोन बंद पडायला लागला तेव्हा मी तपासून नवा घ्यायला सांगितला. साडूंनी पाच मिनिटांत जुनाच चालता केला. त्या दिवसापासून आमची ओळख करून देताना सासूबाई म्हणतात, "हे मोठे जावई, कंप्युटरमधले. आणि हे धाकटे. हेही तिकडेच कुठेतरी असतात." बायकोचं तर "भाऊजींना विचारा ना" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की गॅसची शेगडी पेटली नाही तरी मला ते आतल्या आत ऐकू येतं. मी विचारत नसे. शिकलेल्या माणसानं आयटीआयवाल्याला काय विचारायचं, असं मी उघड कधी म्हणालो नाही. पण मनात होतंच.

मी तुर्भ्याच्या एका शीतगृहात संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि एक टेबल. यंत्रं परदेशी कंपनीची, त्यामुळे तिथल्या माणसांशी फोनवर इंग्रजीत बोलायचं कामही माझंच, कधी कधी घरूनसुद्धा. फळं ठेवायच्या सहा थंड खोल्या आहेत. खोलीतला गारवा कमी झाला की शेठच्या आणि माझ्या फोनवर संदेश यावा, अशी व्यवस्था तीनेक वर्षांपूर्वी मी स्वतः लिहिली. सहा खोल्यांच्या नावांची एक यादी केली, आमच्या भाषेत तिला अ‍ॅरे म्हणतात, आणि ती यादी तपासणी करणाऱ्या फंक्शनच्या, म्हणजे स्क्रिप्टमधल्या तेवढ्याच कामाच्या तुकड्याच्या, हवाली केली. फंक्शननं एकेक खोली बघायची आणि दर तासाला "सर्व ठीक" कळवायचं. चाचणी म्हणून मी माझ्या टेबलाजवळच्या आंब्याच्या खोलीचं दार अर्धा तास उघडं ठेवलं. टुण्णकन संदेश आला. शेठनी माझी पाठ थोपटली. त्या संध्याकाळी मी मुद्दाम वाट वाकडी करून साडूंकडे गेलो आणि हे सगळं सविस्तर सांगितलं. ते कौतुकानं ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "सगल्या खोल्यांची दारं उघरून बगितलीस का?" मी म्हटलं, त्याची गरज नसते.

आठ महिने दर तासाला "सर्व ठीक" येत राहिलं. मग एका शनिवारी दुपारी एक माथाडी कामगार माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "साहेब, मागच्या खोलीत पंखा फिरतोय, पन आत घाम येतोय." मी फोन बघितला. पाचच मिनिटांपूर्वीचा संदेश होता, "सर्व ठीक". मागच्या खोलीत द्राक्षं होती. दार उघडलं तर आतून दारूच्या गुत्त्यासारखा वास आला. सगळ्यांनी मिळून चांगल्या पेट्या शेजारच्या खोलीत हलवल्या, निम्मा माल वाचला. शेठ ओरडले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "संदेश का आला नाही, ते सोमवारी सकाळी मला सांग. कळलं नाही, तर मग माणूस बदलायचा का ते मला बघावं लागेल."

शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ मी ती स्क्रिप्ट वाचत बसलो. वीस ओळींची स्क्रिप्ट! प्रत्येक ओळ बरोबर होती. बायकोनं दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही गार झाले. तिसऱ्यांदा ती नुसतीच दारात उभी राहिली. "भाऊजींना—" "अजिबात नाही," मी म्हटलं. दुपारी तीन वाजता दाराची बेल वाजली. साडू उभे, हातात सुक्या जवळ्याची पुडी. "हिकरनं चाललो व्हतो," ते म्हणाले. बोनकोड्याहून कुठेही जायला घणसोलीतल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरून रस्ता नाही. बायको स्वयंपाकघरात भांडी उगीचच आपटत होती.

त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून वीसही ओळी मोठ्यानं वाचल्या आणि विचारलं, "फंक्शनमदी किती पोचले?"

"म्हणजे काय? सहा. यादीत सहा आहेत."

"यादीत हायत रं. पोचले किती?"

त्यांनी फंक्शनच्या तोंडाशी एक ओळ घातली, आत किती जण आले तेवढं छापणारी. पडद्यावर आकडा उमटला : १.

मी त्या आकड्याकडे बघत राहिलो. आठ महिने माझी ती थोर व्यवस्था दर तासाला यादीतल्या पहिल्या, एकट्या आंब्याच्या खोलीत जाऊन येत होती आणि सहाही खोल्यांचं कुशल कळवत होती.

"चूक नाय ही," साडू म्हणाले, "गैरसमज हाय. आरं, लग्नाच्या पत्रिकेवर तू नुसतं घरधन्याचं नाव लिवलंस तर कोन येल? येकटा घरधनी. सगल्यांना बोलवायचं तर सहकुटुंब सहपरिवार लिवावं लागतंय. हितं नुसतं यादीचं नाव घेतलं की हा पयल्यालाच उठवून धारतो." त्यांनी यादीच्या नावाला महिरपी कंस घातला आणि आत, चौकोनी कंसात, ईमेलच्या पत्त्यातलं ते अ‍ॅटचं चिन्ह टाकलं. "हे तुजं सहकुटुंब."

पुन्हा चालवलं. पडद्यावर आकडा आला : ८.

"सहा खोल्या, आठ कशा?" मी ओरडलोच.

साडू इतके हसले की बायको बाहेर आली. "दोगं फुकट जेवाय आलं! बग, 'मागची खोली' आनि 'जुनी खोली'. ह्या दोगांच्याच नावात मोकली जागा हाय. यंत्राला वाटलं मागची येगली आनि खोली येगली. परतेकाला त्याच्या पिशवीत घाल." त्यांनी सगळ्याभोवती अवतरण चिन्हं घातली. आकडा आला : ६. मग खाली बसून त्यांनी सावकाश दोन-तीन टिपणं लिहिली, जवळ्याची चटणी कशी करायची ते माझ्या बायकोला दोनदा समजावून सांगितलं आणि निघाले. दारात चपला घालताना जरा घुटमळले. "सारू, तुज्याकरं येक बोलायचं व्हतं." मी सोमवारच्या विचारात होतो. "काय?" "नाय, ऱ्हाऊ दे. तू आधी हे निस्तर."

सोमवारी मी शेठना सगळं नीट समजावलं. यादी, एक, आठ, सहा. पत्रिकेचं उदाहरणही दिलं. शेठ खूश झाले. "कुणी शोधलं हे?" त्यांनी विचारलं. उत्तर तोंडात तयार होतं. नाव सांगितलं असतं तर माझं काहीच जाणार नव्हतं. पण मला एकदम सासूबाई दिसल्या, मोठ्या जावयाकडे बघून हसणाऱ्या. "मीच," मी म्हणालो. घरी बायकोनं विचारलं, "भाऊजींचं नाव सांगितलंत ना शेठना?" "विषय निघाला होता," मी म्हटलं. त्यानंतर ती फाईल मी पुन्हा उघडली नाही. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

तीन महिन्यांनी शेठनी सातवी खोली बांधायचं काढलं आणि सगळ्या व्यवस्थेचे कागद छापून मागवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. आमचे शेठ रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान, शाळा आगरी मुलांच्या बाकावर बसून झालेली. त्यांनी कागदावर बोट ठेवून वाचलं, "'आधी मोज. सहा धारले तर सहाच पोचले पायजेत.' हे तू लिहिलंस? साताऱ्याच्या माणसानं?" त्यांनी खालची ओळ वाचली, "'सारू, ह्या अवतरन चिन्हांना हात लावू नको.' हा सारू कोण?"

"मी," मी म्हटलं. या खेपेला ते खरं होतं.

शेठनी कागद खाली ठेवले. मग म्हणाले, "त्या माणसाला घेऊन ये."

साडूंना मोबाइलवर फोन करून बोलावण्याचा धीर मला झाला नाही. बोलायचं ते समोरासमोर, असं ठरवून मी स्कूटर काढली आणि सरळ त्यांचा कारखाना गाठला. फाटकाला साखळी होती. आत गवत वाढलेलं. रखवालदार म्हणाला, "बंद होऊन चार महिने झाले. ते होय? ते वाशीला वाचनालयात असतात दिवसभर. परवा माझा मोबाइल दुरुस्त करायला आले होते, तेव्हा म्हणाले."

चार महिने! मी मनात मोजलं. म्हणजे त्या रविवारी हा माणूस सुक्या जवळ्याची पुडी घेऊन माझ्या दारात उभा होता, तेव्हा महिन्याभरापासून त्याला काम नव्हतं.

वाचनालयात स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींमध्ये ते बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायाशी जेवणाचा डबा, पुढ्यात शंभर पानी वही. मला बघून आधी दचकले, मग बोट ओठांवर ठेवून बाहेर चल म्हणाले. आम्ही पायऱ्यांवर बसलो.

"ताईंना माहीत नाही?" मी विचारलं.

"नाय. रोज डबा घेऊन निगतो. तिला सांगितलं की ती सासूबाईंना सांगनार, त्या देव पान्यात घालनार. दुसरं काम लागलं की दोनी गोष्टी येकदम सांगीन म्हनलं. पन अठ्ठावन्नाला दोन वर्सं ऱ्हायली, वर संगनकाचा कागद नाय. कोन घेनार?"

"मला तरी सांगायचं!"

"त्यालाच तर आल्तो त्या आयतवारी. मंग बगितलं तर तूच भ्यालेला." त्यांनी बरोबर आणलेला डबा पायाशी नीट ठेवला. "तुज्या मालकाला तू माजं नाव सांगशील असं वाटलेलं. मंग म्हनलं, गरबरीत ऱ्हायलं आसंल."

हो म्हणून सुटता आलं असतं. त्यांनी वाट करून दिलीच होती. पण पायाशी तो डबा होता, मेव्हणीनं सकाळी उठून भरलेला. "राहिलं नाही," मी म्हटलं. "मुद्दाम सांगितलं नाही. मीच केलं म्हणालो."

"का?"

"तुमचा हेवा वाटतो म्हणून."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी परक्या भाषेत बोललो. "माजा? आरं, तू फोनवर परदेशी मानसाशी भराभर विंग्रजी बोलतोस, तवा मी भायेर गॅलरीत जाऊन उबा ऱ्हातो. मना आयकवत नाय. वाटतं, आपल्याला ह्यातलं येक वाक्य आलं असतं तर आपन कुटं असतो."

इतकी वर्षं ते उठून गॅलरीत जात तेव्हा मला वाटायचं, माझ्या बोलण्याचा कंटाळा आला. त्यांनी डबा उघडला, भाकरीचे दोन भाग केले आणि मोठा माझ्यासमोर धरला. खाऊन झाल्यावर मी म्हटलं, "चला. शेठ वाट बघतायत." ते उठले, शर्ट झटकला आणि घाबरत विचारलं, "विंग्रजीत इचारनार नाय ना?"

शेठनी त्यांना आगरीतच विचारलं. अर्ध्या तासानं दोघंही मोठ्यानं हसत होते आणि मी दाराबाहेर उभा होतो. तेव्हापासून साडू आमच्याकडे आहेत, माझ्या वर. आता विभाग म्हणजे दोन टेबलं. माझ्या खोटेपणाबद्दल शेठ पुन्हा कधी बोलले नाहीत, साडूही बोलले नाहीत. मेव्हणीला मात्र साडूंनी ठरल्याप्रमाणे दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या, आणि त्या चार महिन्यांच्या डब्यांसाठी ती त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही.

माझा हेवा गेला असं समजू नका. सातवी खोली त्यांनी दोन दिवसांत जोडली तेव्हा माझं जेवण कडू झालं होतं. माथाडी कामगार अडचण आली की माझं टेबल ओलांडून त्यांच्याकडे जातात, तेव्हा अजूनही मी उगीच फाईल शोधायला लागतो. परदेशातला फोन आला की मात्र ते खुर्ची सरकवून माझ्या शेजारी येऊन बसतात आणि माझा शब्द न् शब्द ऐकतात, आणि खरं सांगायचं तर त्या दहा मिनिटांत मी गरजेपेक्षा जास्तच इंग्रजी बोलतो.

मागच्या आठवड्यात शेठ मला म्हणाले, "येत्या चैत्रात तुझे साडू अठ्ठावन्न पुरे करतील. मग सगळं तुझ्याकडेच." हे वाक्य ऐकायला मी काय दिलं नसतं! मी शेठना म्हणालो, "त्यांना अजून दोन वर्षं थांबवून घ्या." शेठनी चमकून वर बघितलं. "का? तुला नको ती खुर्ची?" "मागे गाडी लागलीय, बघून येतो," म्हणून मी तिथून सटकलो. मी टेबलाशी परत आलो. साडूंनी चष्मा कपाळावर चढवला. "काय म्हनले शेठ?"

"काही नाही," मी म्हटलं. त्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते त्यांच्या कामात डोकं घालून बसले होते, केस आता मागून बरेच पांढरे झालेत, आणि मी माझं काम सोडून बराच वेळ नुसता तिकडे बघत होतो.